विहीणबाई, तुमचं मी ऐकलं नाही

विहीणबाई,

तुमचा ओटा उंच आहे हो. पोळ्या लाटून माझे खांदे भरून येतात. तुम्ही माझ्यापेक्षा चांगल्या वीतभर उंच, आणि हा ओटा स्वतःच्या मापाने घालून घेतलेला. लग्नात फोटोवाल्याने मला तुमच्या शेजारी पाटावर उभं केलं होतं, ते तुम्ही पुढे भेटेल त्याला सांगत फिरलात. आता तुमच्याच स्वयंपाकघरात तसाच पाट पायाखाली घेऊन मी पोळ्या करतेय. हसा.

म्हणजे तुम्ही गेलात आणि मी तुमच्या घरी राहायला आले. मुलाची आई, पिशवी भरून, सुनेच्या माहेरी. आमच्या विश्रांतवाडीच्या सोसायटीत आणि तुमच्या वाघोलीच्या गल्लीत सध्या दुसरा विषय नाही. आमच्या ह्यांनी एवढंच विचारलं, "माझ्या जेवणाचं काय?" मी म्हटलं, डबा लावा. तुम्ही गेलात त्याला अजून महिनासुद्धा झालेला नाही आणि कालपर्यंत माझ्या डोळ्यांतून टिपूस आलेलं नव्हतं. सकाळी उठायचे, दूध तापवायचे, भाजी चिरायचे. मनात काही आहे का म्हणून चाचपून बघायचे. काही हाताला लागायचं नाही.

तुमच्यावर लिहायचं म्हणजे काय लिहायचं? जन्म कुठे, शिक्षण किती, असलं काही मला येत नाही आणि तुम्हालाही ते चाललं नसतं. मला आठवतं ते तुमचं पहिलं येणं. आमचा निखिल आणि तुमची कोमल खराडीत एकाच ऑफिसात, त्यांचं आधीच ठरलेलं. रीतीप्रमाणे आम्ही मुलगी बघायला तुमच्याकडे यायचं, तर एका रविवारी तुम्हीच दारात उभ्या. हातात कांद्याची गोणी. "पोरगा बघाया आलोय," म्हणालात. आत येऊन पदर खोचून बसलात आणि माझ्यासमोर निखिलला विचारलंत, "स्वैपाक येतो का?" तो म्हणाला, मॅगी येते. तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात, "ईनबाई, ह्याला शिकवलं न्हाई व्हय काही?" अजून होकार नाही, नकार नाही, आणि मी ईनबाई झाले होते.

टेलिफोन खात्यात मी आयुष्यभर लोकांच्या तक्रारी ऐकल्या, पण तोंडावर असं मला कुणी बोललं नव्हतं. त्या दिवशी तुम्ही परत गेल्यावर मी ह्यांना म्हटलं, या बाईशी माझं जमणं शक्य नाही. आणि मग चार वर्षं रोज दुपारी चहा झाला की तुमचा फोन. तुमचा नाही आला तर माझा.

आपलं प्रत्येक गोष्टीवरून वाजलं. आमटीत गूळ घालण्यावरून वाजलं. तुम्ही आमच्या आमटीला सरबत म्हणायचात आणि तुमच्या कालवणाने माझे कान लाल व्हायचे. कोमलला दिवस गेले तेव्हा मी हौसेने तुम्हाला सांगितलं की आमचा निखिल लहानपणी फार गुटगुटीत, त्याला न्हाऊ घालायला बाई यायची. तुम्ही अख्ख्या गल्लीची पोरं स्वतःच्या पायांवर न्हाऊ घातलेल्या. क्षणभर माझ्याकडे बघत राहिलात आणि विचारलंत, "स्वतःच्या लेकराला स्वतः पाणी घातलं न्हाई? मंग तुम्ही आई झालात कशा?" मी आठवडाभर फोन उचलला नाही. आठव्या दिवशी तुम्ही आंबट चुक्याची जुडी घेऊन दारात आलात आणि काही झालंच नाही अशा थाटात आत शिरलात. तुमच्यात माफी मागायची पद्धत नव्हती, भाजी आणायची होती.

मग बाळंतपणावरून. पहिलं बाळंतपण माहेरीच, असं तुमचं म्हणणं. माझं म्हणणं, आमच्याकडे दवाखाना कोपऱ्यावर आहे आणि तुमच्या वाघोलीच्या रस्त्यावर बाई अडकली तर रस्त्यातच बाळंत होईल. तुम्ही म्हणायचात, "हुईना. आमच्याच शेतात हुईल, आता तिथं रस्ता केलाय तर काय करावं." ते भांडण तसंच राहिलं. डोहाळजेवण झाल्यावर पुन्हा बसून भांडायचं, असं आपलं ठरलं होतं.

पण ज्या भांडणासाठी मी हे लिहायला बसले ते वेगळंच. तुमची धाकटी बहीण गेली, तेव्हा कोमलला सातवा होता. शाळेच्या सुट्ट्या तिने त्या मावशीकडे काढलेल्या. तुम्ही तिला कळवलंच नाहीत. सगळं उरकल्यावर फोन केलात. पोरगी दोन दिवस जेवली नाही. नंतर तुम्ही आमच्या गॅलरीत मेथी निवडत बसला होतात, तेव्हा मी तुम्हाला धरलं. म्हटलं, मावशीचं तोंड तरी बघू द्यायचंत की हो.

"दोन जिवांच्या बाईनं मयत बघायची नसती," तुम्ही म्हणालात. "लेकरावर उमटतं."

"काय उमटतं? पोट आहे का छापखाना?"

"हसा तुम्ही. ग्रहणात बाईनं इळी घेतली तर पोराचा ओठ फाटतो, डोळ्यानं बघितलंय मी. मी मेले तरी तिला आणायची न्हाई. सांगून ठिवते."

"बरं. तुम्ही फक्त आधी कळवा, म्हणजे रिक्षा सांगून ठेवायला नको."

तुम्ही एवढ्या हसलात की मांडीवरची मेथी सगळी गॅलरीभर झाली. "तुमच्या जिभेला हाडच न्हाई, ईनबाई," म्हणत होतात आणि डोळे पुसत होतात. मीही हसले. दोघी मिळून खाली बसून मेथी गोळा केली. बोलणं तिथंच राहिलं आणि तुम्ही मात्र आधी कळवलं नाहीत.

दूध तापवत होतात म्हणे. दूध उतू गेल्याचा वास आला म्हणून दादा आत आले. तुमच्या नवऱ्याला कोमलचं बघून मीही दादाच म्हणायचे, व्याही वगैरे कधी तोंडात आलं नाही. त्यांनी लेकीला फोन केला नाही, मला केला. "बाई, ही गेली. कोमलला कसं सांगायचं ते तुम्ही बघा," एवढंच बोलून ठेवून दिला.

मी सांगितलं. कोमल खिडकीशी उभी राहून चहा पीत होती. ती म्हणाली, "बरं." उरलेला चहा पिऊन टाकला. कप विसळला, पालथा घातला आणि आत गेली. मी तिथंच उभी होते. गॅसवर माझा कुकर होता. त्याच्या शिट्ट्या होत राहिल्या आणि मी त्या ऐकत राहिले.

मग फोन सुरू झाले. तुमच्या थोरल्या जाऊबाईंचा पहिला. आक्कांचा आवाज तुम्हाला माहीतच आहे, फोन लांब धरला तरी ऐकू येतो. "तिला आणू नका. तिच्या आईचाच शब्द हाय." हे म्हणाले, मोठ्यांचं ऐकावं. निखिल खराडीहून परस्पर तुमच्याकडे निघाला होता, तो म्हणाला, "आई, तू ठरव." एवढाले पगार घेतात, ठरवायचं मात्र आईने. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, सावकाश न्या, काही होत नाही. आता त्यांना काय जातंय सांगायला. शब्द काही त्यांच्याकडून घेतला नव्हतात तुम्ही.

खरं सांगते, मी नाही म्हणायचं ठरवलं होतं. तुमचा शब्द होता. हसत दिलेला असला तरी तुमचा होता. मी वाक्यसुद्धा जुळवलं होतं. तिच्या खोलीत गेले तर ती पलंगाच्या कडेला बसली होती आणि पायात चपला होत्या. तिच्या नव्हे, निखिलच्या. स्वतःच्या पायांना सूज होती ना, तिच्या चपला चढेनात. घरात कुणी चपला घातल्या की मी काय करते ते तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हालाही एकदा दारातून परत पाठवलं होतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. दाराकडे बघत होती. चला म्हणून कुणी सांगेल याची वाट बघत ती तशी केव्हाची बसली होती कोण जाणे.

मी पर्स घेतली आणि म्हटलं, "चल."

तुम्हाला घराखालच्या पार्किंगमध्ये ठेवलं होतं. तुम्ही येईल-जाईल त्याला दाखवायचात ना, इथं आमची ज्वारी हुती म्हणून, तिथंच. हिरवी साडी, हिरवा चुडा, कपाळभर कुंकू. बायका म्हणत होत्या, सवाष्ण गेली, भाग्याची. मला त्यांचा एवढा राग आला! भाग्य म्हणे. पोरगी नवव्यात, नात-नातू बघायची राहिली, आणि भाग्य.

आक्का फाटकातच आडव्या झाल्या. "बाई, तुमाला सांगितलं हुतं ना?"

मी म्हटलं, "आक्का, बाजूला व्हा. जे काय व्हायचंय ते माझ्याच नातवंडाला होईल ना? मग मी बघते." असं बोलायला नको होतं. तोंडातून गेलं.

कोमल तुमच्याजवळ कशीबशी खाली बसली. निखिलने एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. मला वाटलं, आता हंबरडा फोडेल. तिने तुमचा हात उचलला आणि स्वतःच्या पोटावर ठेवला.

तुम्हीच लावलेली सवय ती. आमच्याकडे आलात की चपला काढायच्या आधी, पाणी प्यायच्या आधी, पोरीच्या पोटावर हात. "काय म्हणतंय आमचं पाखरू?" त्या दिवशी तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून तिने स्वतःच हात ठेवून घेतला.

बायकांत एकच कालवा झाला. अगं सोड, अगं काय करतीस. आक्कांनी माझा पदर ओढला. "काढा त्यो हात! बघताय काय?" सगळ्यांत जवळ मीच होते. मी हात पुढे केला असता तर तो निघाला असता. मी नुसती बघत राहिले. तुमच्या अंगठ्याच्या नखाला हळद होती. आदल्या दिवशीच्या कालवणाची असेल. मी त्या हळदीकडे बघत राहिले आणि दादा मागून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जरा."

थोड्या वेळाने तिनेच तुमचा हात जागेवर ठेवला. बांगड्या सारख्या केल्या. उठली. रडली नाही.

त्या दिवसापासून मी भ्यायला लागले, विहीणबाई. पोट काय छापखाना आहे का, असं विचारणारी मी, देवापुढे उभी राहून पुटपुटायला लागले. म्हणायचे, माझ्या अंगावर काय ते उमटव, पण तिथं नको. लोकांसमोर ताठ मानेने "मी बघते" म्हणून आलेली बाई घरात येता-जाता सुनेला विचारत होती, "हलतंय ना गं?" शेवटी मी खोलीत शिरले की तोंड उघडायच्या आधीच ती म्हणायची, "हलतंय."

आणि ती तशीच कोरडी. जेवायची, झोपायची, ऑफिसचे फोन घ्यायची. लग्न झालेल्या लेकीला आईचं सुतक तीनच दिवस. कुणी ठरवलं हे? चौथ्या दिवशी शेजारीण येऊन म्हणाली, आता तू मोकळी झालीस. कोमल म्हणाली, "हो." मी त्या शेजारणीला चहासुद्धा विचारला नाही.

एक दिवस पोळी खाता खाता कोमल म्हणाली, "आई, मला बाळंतपणाला मम्मीकडे जायचंय."

मम्मीकडे. तिथं होतं कोण आता? दादा आणि डोक्यावर फिरणारा एक पंखा. तरी मी "जाऊ या" म्हणाले. एक शब्द तुमचा मोडला होता, दुसरा तरी पाळावा. दादांना फोन केला की कोमलला घेऊन येतेय आणि मीही राहणार आहे. ते म्हणाले, "बाई, आमच्याकडं तुमची गैरसोय हुईल." म्हटलं, होऊ दे. आम्ही पोचलो तर त्यांनी तुमची खोली झाडून पुसून ठेवली होती आणि स्वतः बाहेरच्या सोफ्यावर बिऱ्हाड मांडलं होतं. माझ्यासाठी गूळ आणून ठेवला होता. आमटीला लागतो म्हणून.

तुम्हाला नात झाली. सगळं नीट झालं, इथल्याच दवाखान्यात. रस्त्यावरही अडकलो नाही, हे कबूल करते. आक्का तिथं आधीच येऊन बसल्या होत्या. नर्सने पोरीला बाहेर आणून माझ्या हातात दिली तर आक्कांनी काही बोलायच्या आधी दुपटं सोडलं. पाठ बघितली, बगला बघितल्या, मांड्या, कानांच्या मागे, तळपाय. नर्स ओरडत होती, आजी, गारठेल ती. आक्कांनी सगळं बघून घेतलं आणि मटकन बाकावर बसल्या. "कुठं काही न्हाई," म्हणाल्या. "वाचली गं बाई." आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. त्या इतके दिवस माझ्याएवढ्याच भ्यायल्या होत्या, हे मला तेव्हा कळलं.

मलाही सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. थोडं वाटलंही. मी सगळ्यांना फोन केले, ह्यांना सांगितलं बर्फी आणा. पण फोन ठेवला आणि बाकावर बसले तर मन कशावर ठरेना.

काल तिला घरी पहिल्यांदा न्हाऊ घातलं. मालिशवाल्या बाई सांगून ठेवल्या होत्या, दारात आल्याही होत्या. कोमल म्हणाली, "बाई नको. आई, तुम्ही घाला." मी म्हटलं, "अगं, मला येत नाही." ती म्हणाली, "मम्मीने सांगितलंय मला. म्हणूनच."

तुम्ही मागून माझी उणी-दुणी लेकीला सांगत होतात तर! बरं.

पाट ओट्याखालून काढला. तुमच्या न्हाणीघरात बसले, पाय लांब केले. माझे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. पोरीला नडगीवर पालथी घातली. तेल लावलं, डाळीचं पीठ लावलं, पाणी कोपराने बघून बघून घातलं. ती रडली, मग गप्प झाली. एवढीशी पाठ. मी ती हाताने चोळत होते, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मी नुसती चोळत नाहीये. पाण्याने पीठ निघालं की खाली काय आहे ते बघतेय. खांद्यावर बघितलं. कमरेवर बघितलं. उताणी केली, पोट बघितलं. परत पालथी केली.

कोमल पंचा घेऊन दारात उभी होती. "काय शोधताय?"

"काही नाही गं. मळ."

"मीपण शोधलं," ती म्हणाली. "दवाखान्यात, सगळे झोपल्यावर. नाहीये."

पोरीच्या पाठीवरून पाणी ओघळत होतं.

"मम्मी म्हणायची ना, उमटतं म्हणून," कोमल म्हणाली. "निदान तिचं एक बोट तरी उमटायचं, आई."

आणि ती रडली हो. दारातच बसली आणि मम्मी मम्मी म्हणून अशी रडली की दादा बाहेरून धावत आले आणि न्हाणीच्या दाराशी येऊन तसेच थांबले. मला उठता येईना. नडगीवर ओली पोर, हात तेलकट. मी बसल्या जागेवरून ओरडत होते, "रड गं बाई, रड, रड," आणि पोरीवर पाणी घालत होते, कारण पाणी थांबवलं तर तिला गार लागलं असतं. माझ्या तोंडावर पाणी कुठलं आणि माझं कुठलं, मला कळलं नाही.

काही उमटलं नाही, विहीणबाई. लखलखीत पाठ आहे तुमच्या नातीची, मी दोन्ही बाजूंनी बघितली. मी म्हणत होते तेच खरं निघालं. चार वर्षांत तुमच्याशी हा एकच वाद मी जिंकले, आणि देवाशप्पथ सांगते, हा मला हरायचा होता.